एक देश, एक मत? आंतरराष्ट्रीय संघटनांबद्दल बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापुरातल्या एका वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो. प्रश्न मात्र त्या मुलांपुरते राहिले नाहीत. निपाणी-चिकोडीकडचे ऊसवाले, उद्यमबागेतले फौंड्रीवाले, कॅम्पातले निवृत्त सुभेदार, सगळे व्हॉट्सअॅपवर विचारतात आणि फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून हे पान. प्रश्न ज्याने जसा विचारला तसा ठेवलाय. एकदा दिलेलं उत्तर पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे फक्त क्रमांक दिलाय. संयुक्त राष्ट्रसंघाला ‘युनो’ म्हणणं आता जुनं झालं म्हणतात. आपल्याकडे तोच रुळलाय, म्हणून मीही तोच वापरतो.

१. आंतरशासकीय संघटना म्हणजे नक्की काय? रेड क्रॉस, रोटरी त्यात येतात का?

नाही. जिचे सभासद म्हणजे देशांची सरकारं आणि जी सरकारांनी आपसात करार करून उभी केली, ती आंतरशासकीय. युनो, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक, जागतिक व्यापार संघटना, दक्षिण आशियाई देशांची सार्क या सगळ्या त्यातल्या. रोटरीचे सभासद तुमच्या-आमच्यासारखी माणसं असतात. रेड क्रॉसचं प्रकरण जरा मधलं आहे. तिची जिनिव्हातली मूळ समिती स्विस कायद्याखालची खासगी संस्था, पण युद्धातल्या कैदी-जखमींबाबतचं तिचं काम आंतरराष्ट्रीय करारांत लिहिलेलं. म्हणून युनोच्या आमसभेत, म्हणजे सगळ्या सभासद देशांच्या सभेत, तिला निरीक्षकाची खुर्ची आहे, मत नाही.

सगळ्यात साधं उदाहरण पोस्टाचं. कॅम्पातल्या हेड पोस्टात भारताचं तिकीट लावून दुबईला पत्र टाकलं की तिथला पोस्टमन ते मुकाट पोचवतो, आपलं वेगळं तिकीट मागत नाही. ही सोय १८७४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाची. भारत त्यात १८७६ पासून आहे.

२. १८७६? देश तर १९४७ ला स्वतंत्र झाला. आणि १९४५ च्या युनोत आपण संस्थापक सभासद कसे?

सभासद व्हायला स्वतंत्र असलंच पाहिजे, असं तेव्हा नव्हतं. ब्रिटिश हिंदुस्थान १९२० पासून, युनोच्या आधीच्या राष्ट्रसंघातही (लीग ऑफ नेशन्स) होता. युनोच्या सनदेवर, म्हणजे तिच्या घटनेवर, २६ जून १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोत सह्या झाल्या, तेव्हा भारताच्या बाजूने रामस्वामी मुदलियार होते. त्यांना पाठवलं होतं ब्रिटिश सरकारने. सोव्हिएत संघानेही त्याच वेळी युक्रेन आणि बेलोरशियासाठी वेगळ्या खुर्च्या मिळवल्या, म्हणजे एकाच घरातली तीन मतं. पहिल्या दिवसापासून हे असं आहे.

३. सगळे देश समान असं सनदेत लिहिलंय म्हणता, मग पाचांनाच व्हेटो का?

दोन्ही गोष्टी त्याच सनदेत आहेत, थोड्याच पानांच्या अंतराने.

आमसभेत खरोखरच एक देश, एक मत. तुवालूची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, चिकोडी तालुक्यात त्याहून मोठी गावं सापडतील. पण मत भारताइतकंच. आणि ते मत लागतं: जून २०२० मध्ये सुरक्षा परिषदेच्या तात्पुरत्या जागेसाठी भारताला १९२ पैकी १८४ मतं पडली, ती अशाच लहानसहान देशांकडे वर्षानुवर्षं जाऊन-येऊन.

युद्ध-शांततेचे प्रश्न हाताळणारी सुरक्षा परिषद वेगळी. तिथे १५ जण, त्यातले पाच कायमचे: अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स. या पाचांतला कुणीही एकट्याच्या नकाराने ठराव अडवू शकतो, तोच व्हेटो. आपल्या गावच्या यात्रेत पालखीचा पहिला खांदा कुणाचा, गाऱ्हाणं कुणी घालायचं, हे ठरलेलं असतं. ज्या घराण्याने कधीकाळी देऊळ बांधलं त्याचा तो मान. आज ते घर पुण्याला गेलेलं असलं, शेती विकलेली असली, तरी मान जात नाही. १९४५ मध्ये युद्ध जिंकणाऱ्यांनी देऊळ बांधलं आणि मान वाटून घेतले. व्हेटो नसता तर मॉस्को आणि वॉशिंग्टन दोघंही देवळात पाऊल ठेवणार नव्हते, हेही तितकंच खरं.

गंमत म्हणजे सनदेचं कलम २३ आजही ‘चीनचं प्रजासत्ताक’ आणि ‘सोव्हिएत संघ’ अशीच नावं सांगतं. १९७१ मध्ये तैपेईच्या सरकारची खुर्ची बीजिंगला गेली, १९९१ मध्ये सोव्हिएतची रशियाने घेतली, पण कागदावरचं नाव कुणी खोडलं नाही. खोडायला सनद उघडावी लागेल आणि ती उघडायची कुणालाच घाई नाही.

व्हेटोचा हात वर झालेला बातम्यांत दिसतो. त्याहून जास्त वेळा तो वर होतच नाही, कारण ‘हे आम्हाला चालणार नाही’ एवढं आतल्या खोलीत सांगितलं की मसुदा तिथेच बदलतो. शिवाय कितीतरी विषयांवर ठरावाचा पहिला मसुदा कुणी लिहायचा, हेसुद्धा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्यात वाटलेलं असतं. ग्रामसभेत ठरावाचा कागद कोण लिहून आणतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सरचिटणीस निवडायचा तरी तेच. १९९६ मध्ये तेव्हाचे सरचिटणीस बुत्रोस घाली यांच्या दुसऱ्या मुदतीच्या बाजूने १४ मतं होती, विरोधात एक. ते एक अमेरिकेचं होतं.

४. पाचांपैकी एखादा गैरहजर राहिला किंवा तटस्थ राहिला तर ठराव पडतो का?

पडत नाही. सनदेच्या शब्दांप्रमाणे कायम सदस्यांची ‘संमती’ हवी, पण पहिल्या काही वर्षांतच तटस्थ राहणं म्हणजे नकार नव्हे, असा पायंडा पडला आणि १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. गैरहजेरीचा धडा सोव्हिएत संघाला १९५० मध्ये मिळाला. चीनची खुर्ची बीजिंगला न देता तैपेईकडे ठेवली म्हणून रुसून ते बैठकीला येत नव्हते, त्याच काळात कोरियात फौज पाठवायचा ठराव झाला. पुन्हा कधी कुणी असं रुसलं नाही.

५. भारताला कायमची जागा का मिळत नाही? नेहरूंनी सोडली हे खरं काय?

दुसऱ्या भागावर इतकं भांडण चालतं की पहिला भाग कुणी वाचतच नाही, म्हणून मी पहिल्याचंच उत्तर देतो. जागा वाढवायची तर कलम १०८ प्रमाणे आमसभेत दोन-तृतीयांश मतं हवीत, मग दोन-तृतीयांश देशांनी आपापल्या संसदेत किंवा रीतीप्रमाणे मान्यता द्यायला हवी, आणि त्यात पाचही मानकरी असायलाच हवेत. म्हणजे मान वाटायचा का, हे मानकऱ्यांनाच विचारायचं.

हे एकदा जमलंय. १९६३ मध्ये ठराव होऊन १९६५ पासून परिषद ११ ची १५ झाली. वाढल्या त्या फक्त तात्पुरत्या जागा. आता भारत, जपान, जर्मनी, ब्राझील एकमेकांना पाठिंबा देतात, तर पाकिस्तान, इटली, दक्षिण कोरिया, मेक्सिको वगैरे शेजारी-पाजारी विरोधात एकत्र येतात. आफ्रिकेची मागणी वेगळी: दोन कायम जागा आणि त्याही व्हेटोसकट. भारत आतापर्यंत आठ वेळा तात्पुरता सदस्य झालाय, शेवटचा २०२१-२२ मध्ये.

६. नाणेनिधीत एक देश एक मत नाही म्हणतात. मग कसं मोजतात?

आपल्या भागात हे समजावणं सोपं आहे. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत एक एकरवाल्या सभासदाला एक मत आणि चाळीस एकरवाल्यालाही एकच. खासगी कारखान्यात ज्याचे शेअर जास्त त्याचं वजन जास्त. आमसभा सहकारी, नाणेनिधी आणि जागतिक बँक खासगी. (सहकारीत तरी एकच मत चालतं का, असं कुणी विचारू नये. ते दुसऱ्या पानाचं काम.)

अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या नाणेनिधीत प्रत्येक देशाचा कोटा, म्हणजे भांडवलातला वाटा, असतो आणि मतं मुख्यतः त्यावर मोजतात. अर्थव्यवस्थेचा आकार, व्यापार वगैरे पाहून तो ठरतो. भारताचा कोटा २.७५ टक्के. अमेरिकेची मतं साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. आता मेख बघा: कोटे बदलणं, नियम बदलणं अशा मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात. साडेसोळा टक्के हातात असलेला एकटा देश ते अडवू शकतो. व्हेटो हा शब्द कुठे लिहिलेला नाही, बेरीज-वजाबाकीतच तो आहे. २०१० मध्ये ठरलेली कोट्याची सुधारणा अमेरिकी काँग्रेसने होकार दिल्यावर २०१६ मध्ये अमलात आली. पाच वर्षं बाकी सगळे थांबले.

हे १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ठरलं. तिथल्या भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. तेव्हा भारताचा कोटा सहाव्या क्रमांकाचा ठरला. सोव्हिएत संघ आत आलाच नाही, म्हणून आपण पाचवे झालो आणि संचालक मंडळावर हक्काची जागा मिळाली. पुढे इतरांचे कोटे वाढले आणि ती गेली. हेच देशमुख १९५६ मध्ये केंद्रात अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. आपल्याकडच्या म्हाताऱ्या मंडळींना ते त्यासाठीच आठवतात.

न लिहिलेला आणखी एक नियम: नाणेनिधीचा प्रमुख युरोपचा, जागतिक बँकेचा अमेरिकेचा. अजय बंगा जन्मले खडकीला, पण २०२३ मध्ये बँकेचे अध्यक्ष झाले ते अमेरिकी नागरिक म्हणून, अमेरिकेने नाव सुचवल्यावर.

७. मे २०२५ मध्ये पाकिस्तानला नाणेनिधीचं कर्ज मिळालं तेव्हा भारत नुसता तटस्थ का राहिला?

९ मे ला, तिकडे सीमेवर काय चाललं होतं ते सगळ्यांना आठवतंय, संचालक मंडळाने पाकिस्तानचा सुमारे एक अब्ज डॉलरचा हप्ता सोडला. भारताने आपला आक्षेप नोंदवला आणि मतदानात भाग घेतला नाही. कारण गणित. भारताचा संचालक बांगलादेश, श्रीलंका आणि भूतानचीही मतं घेऊन बसतो, आणि चौघांची मिळून ती तीन टक्क्यांच्या आसपास होतात. या मंडळात बहुतेक निर्णय मतं न मोजता, अंदाज घेऊन सहमतीने होतात. तीन टक्क्यांनी कर्ज अडत नाही. इतिवृत्तात आपलं म्हणणं राहतं, एवढंच.

८. युनोचा खर्च कोण भागवतं? वर्गणी थकवली तर?

नियमित खर्चाची वर्गणी ऐपतीप्रमाणे. सगळ्यात गरीब देशाला कमीत कमी ०.००१ टक्का, जास्तीत जास्त मर्यादा २२ टक्के, आणि ती अमेरिकेसाठीच घातलेली. भारताचा वाटा एक टक्क्याच्या जरासा वर. दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली तर कलम १९ प्रमाणे आमसभेतलं मत जातं. छोट्या देशांचं ते अधूनमधून जातं. मोठा देश थकबाकी बरोबर त्या रेषेच्या अलीकडे ठेवतो.

खरी सत्ता वर्गणीत नसतेच, देणगीत असते. गणेशोत्सव मंडळात वर्गणीच्या पावत्या फाडून मांडव उभा राहतो. पण एखादा शेठ येऊन म्हणतो, माझे पन्नास हजार फक्त लाइटिंगला, आणि कमानीवर माझं नाव. मंडळ नाही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं तसंच आहे. तिच्या पैशातला छोटा भाग वर्गणीचा, बाकीचा देणग्यांचा, त्यातल्या बहुतेक ठरावीक कामासाठी बांधलेल्या. मग कुठल्या रोगाला पैसा मिळणार, हे सभेआधीच ठरतं.

९. आमच्या उसाचा दर जिनिव्हात ठरतो म्हणालेत. खरं काय ते?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, गाळप हंगाम सुरू झाला की हमखास. अथणीच्या एका शेतकऱ्याने तर काट्याच्या पावतीचा फोटोच पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘यातलं जिनिव्हाचं किती?’

दर तिथे ठरत नाही. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान रास्त दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात काय पडतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला ३५०० मागत बसले होते, ते बेंगळुरूकडे आणि कारखान्यांकडे तोंड करून. बरोबरच होतं ते.

जिनिव्हाचा संबंध असा. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली: भारत एफआरपी देऊन ऊस उत्पादकाला मर्यादेबाहेर आधार देतो आणि साखरेच्या निर्यातीला अनुदानही देतो. डिसेंबर २०२१ मध्ये तंटा समितीचा निकाल आला, भारताच्या विरोधात. एफआरपीचा पैसा सरकार देत नाही, कारखाना देतो, हे आपलं म्हणणं समितीने मानलं नाही. भाव सरकारने ठरवला, म्हणजे आधार सरकारचा.

यातलं वजनाचं राजकारण बघा. आधार मोजताना आजच्या भावाची तुलना होते १९८६-८८ च्या दराशी. तेव्हाची महागाई आणि आजची, यात काही साम्य? आणि भारतासारख्या देशाला उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्क्यांची मर्यादा, तर संघटना स्थापन होतानाच जे देश मोठी अनुदानं देत होते त्यांना ती थोडी घटवून पुढे चालू ठेवायची मुभा. अमेरिकेची ही मर्यादा १९ अब्ज डॉलरच्या वर आहे. ज्याने आधी जास्त खाल्लं त्याला मोठं ताट, असा हा हिशेब.

मग निकाल लागला तरी आपल्याकडे काही बदललं का नाही? कारण भारताने अपील केलं आणि अपील ऐकायला कुणी नाही. अपील मंडळावर नवे सदस्य नेमायला अमेरिकेने वर्षानुवर्षं अडवणूक केली, डिसेंबर २०१९ पासून ते बंद आहे. या संघटनेत निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणजे नेमणूक अडवायला एकच देश पुरतो. आज ते आपल्या पथ्यावर पडलंय. उद्या आपण जिंकलेली केस समोरचा अशीच अपिलात टाकून ठेवू शकतो.

१०. बेळगावात चोवीस तास पाणी जागतिक बँकेमुळे आलं म्हणतात. मग बँक मालक झाली का?

मालक नाही, सावकार. २००४ मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पातून बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यात काही ठरावीक भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. पुढे २०१६ मध्ये सगळ्या शहरासाठी दुसरं कर्ज आलं. पहिल्या वेळी प्रयोगाच्या भागाची हद्द आमच्या एका नातेवाइकांच्या गल्लीतून गेली होती. गल्लीच्या एका बाजूला मीटर फिरतोय, अंगणात नळ सुरू. दुसऱ्या बाजूला मावशींच्या मोरीत निळे बॅरल, पितळी घागरी आणि ‘आज पाणी हाय काय?’ची चौकशी. राकसकोप जलाशयाचं पाणी दोन्हीकडे तेच.

कर्ज घेतो कोण? बेळगाव महापालिका नाही, कर्नाटक सरकारही थेट नाही. बँक कर्ज देते भारत सरकारला. राज्याशी प्रकल्पाचा वेगळा करार होतो. अटी त्या करारात असतात: मीटर लावा, वापराप्रमाणे पट्टी घ्या, चालवायला कंत्राटदार नेमा. त्यावर सही आपलीच असते. पण पाण्याची पाइप घालायला दुसरीकडून पैसा मिळत नसेल तर त्या सहीत किती राजीखुशी असते, ते ज्याने त्याने ठरवावं.

हा तराजू बदलायचा म्हणून ब्रिक्स देशांनी (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) शांघायला बँक काढली, पाचही संस्थापकांचा वाटा सारखा. त्याच सुमाराला चीनच्या पुढाकाराने बीजिंगला आशियाई पायाभूत सुविधा बँकही निघाली, तिथे चीनची मतं २६ टक्क्यांच्या आसपास आणि मोठ्या निर्णयांना ७५ टक्के हवेत. वजाबाकी करून बघा. प्रश्न ६ मधलंच गणित आहे.

११. सीमाप्रश्न युनोत किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेता येईल का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या आवाजात काय असतं ते मला ठाऊक आहे. दर १ नोव्हेंबरला, सीमाभागात पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाला, तो येतोच. तरी उत्तर सरळ देतो: नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त देश पक्षकार होऊ शकतात. महाराष्ट्र, कर्नाटक, महाराष्ट्र एकीकरण समिती, नागरिक, यातलं कुणीही नाही. सनदेचं कलम २(७) म्हणतं की देशाच्या अंतर्गत बाबीत युनोने पडायचं नाही. राज्यांच्या हद्दी बदलण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३ ने संसदेला दिलाय, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. जागा तीच.

‘स्वयंनिर्णयाचा हक्क’ म्हणून कुणी पुढे आलं तर तीही वाट बंद आहे. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, तेव्हाच लेखी सांगितलं की हा हक्क परकीय सत्तेखालच्या लोकांपुरता, सार्वभौम देशाच्या एखाद्या भागाला नाही.

त्याच करारात कलम २७ मात्र आपल्या कामाचं आहे. भाषिक अल्पसंख्याकांना आपली भाषा वापरायचा हक्क नाकारू नये, असं ते सांगतं, आणि ते बेळगावातल्या मराठीला लागू आहे तसंच सोलापूर-जतकडच्या कानडीलाही. त्यावरून वैयक्तिक तक्रार करता येते का? त्यासाठीच्या पूरक करारावर भारताने सही केलेली नाही, म्हणून नाही. अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या युनोच्या विशेष प्रतिवेदकाला (स्वतंत्र तज्ज्ञाला) कुणीही पत्र लिहू शकतं. ते सरकारकडे खुलासा मागू शकतात, सरकारला भाग पाडू शकत नाहीत. घरचा उपाय राज्यघटनेच्या कलम ३५०-ब खालचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आणि कोर्ट.

१२. मग एखादं राज्य स्वतः सभासद होऊच शकत नाही का?

युनोत नाही. पण दुसरीकडे अपवाद सापडतात, आणि परीक्षेत तेच विचारतात. व्यापार संघटनेत अट ‘देश’ असण्याची नाही, स्वतंत्र जकात क्षेत्र असण्याची आहे. म्हणून चीनशिवाय हाँगकाँग, मकाव आणि ‘चिनी तैपेई’ या नावाने तैवानही सभासद आहे. कूक बेटं युनोत नाहीत, आरोग्य संघटनेत आहेत. व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन आमसभेत बसतात, मत देत नाहीत. कर्नाटकाला आपली वेगळी जकात नाही, तेव्हा ही खिडकीही नको शोधायला.

१३. युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आले, मग राजहंसगड का नाही?

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्य’ म्हणून अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले आले. प्रस्ताव पाठवतो देश, राज्य नाही, आणि एका वर्षी एका देशाचा एकच प्रस्ताव घेतात. त्या एका जागेसाठी देशातल्या देशात आधी रांग लागते. अंतिम निर्णय २१ देशांची समिती घेते. आपला येळ्ळूरचा राजहंसगड मागे पडला असेल तर तो दिल्लीच्या अलीकडे, पॅरिसला युनेस्कोकडे पोचायच्या आधीच.

१४. कुलभूषण जाधव यांची केस आपण जिंकलो, तरी ते सुटले का नाहीत?

कारण पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या जाधवांच्या सुटकेचा हुकूम आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलाच नव्हता. १७ जुलै २०१९ चा निकाल, १५ विरुद्ध १ असा, सांगतो की पाकिस्तानने वकिलातीला भेटू न देऊन व्हिएन्ना करार मोडला, आता शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा. फाशी तोवर थांबली, ते मोठं काम झालं. भारताचे वकील हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेतल्याचं सगळ्यांना पाठ आहे. पण केस उभी राहिली ती दोन्ही देशांनी सही केलेल्या १९६३ च्या एका पूरक करारामुळे. तो नसता तर न्यायालयाला अधिकारच नव्हता. उलट बाजूही सांगतो: १९९९ मध्ये पाकिस्तानने आपलं विमान पाडल्याची केस भारतावर घातली होती, ती २००० मध्ये आपण याच अधिकाराच्या मुद्द्यावर उडवली.

निकाल पाळला नाही तर तक्रार जाते सुरक्षा परिषदेकडे. तिथे काय होतं ते प्रश्न ३ मध्ये आलंच. १९८६ मध्ये निकाराग्वा अमेरिकेविरुद्ध जिंकलं आणि तो निकाल पाळा असा ठराव आला, तेव्हा व्हेटो वापरला अमेरिकेनेच.

१५. शांतिसेनेत आपली पोरं जातात. त्यांना कोण पगार देतं, हुकूम कुणाचा?

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याच गावात, त्यामुळे हा प्रश्न घरोघरी आहे. एका निवृत्त सुभेदारकाकांच्या शोकेसमध्ये निळी टोपी अजून घडी घालून ठेवलेली आहे, आत घामाचा पिवळा डाग तसाच. पगार आपलं लष्करच देतं. युनो सरकारला दर जवानामागे महिन्याला १४०० डॉलरच्या आसपास भरपाई देते, सगळ्या देशांना एकच दर. तिथल्या मोहिमेत हुकूम युनोच्या फोर्स कमांडरचा, पण शिस्तीची कारवाई भारताचीच.

मोहीम काढायची की नाही आणि तिचं काम काय, हे सुरक्षा परिषद ठरवते. माणसं देतात नेपाळ, रवांडा, बांगलादेश, भारत. पैशाचा मोठा वाटा अमेरिका आणि चीन वगैरे. ठरवणारे वेगळे आणि खंदकात उतरणारे वेगळे, ही भारताची जुनी तक्रार आहे. काका एवढंच म्हणाले, ‘नकाशा त्यांचा, चिखल आमचा.’

१६. युरोपीय संघ पण अशीच संघटना ना? मग त्याचा नियम उद्यमबागेतल्या फौंड्रीला कसा लागतो?

अर्धी तशी, अर्धी सरकारसारखी. सभासद देशांनी काही अधिकारच संघाला देऊन टाकलेत. तिथे बऱ्याच गोष्टी ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या अशा दुहेरी बहुमताने होतात आणि विरोधात गेलेल्या देशालाही पाळाव्या लागतात. आपण सभासद नाही, पण माल तिकडे विकायचा तर त्यांच्या दारातले नियम पाळावेच लागतात. आयात होणाऱ्या लोखंड-पोलादाच्या ठरावीक मालावर, तो बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनापोटी, संघाचं शुल्क २०२६ पासून प्रत्यक्ष लागू. आपला माल त्यात बसतो की नाही हे जकात कोडवर (जकातीसाठी मालाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक) ठरतं, म्हणून ‘फौंड्री’ म्हणून विचारू नका, कोड घेऊन निर्यात सल्लागाराकडे जा.

१७. लहान देशांना काहीच जमत नाही का? आणि पटलं नाही तर बाहेर पडता येतं?

जमतं, पण एकट्याने नाही. वानुआतूची लोकसंख्या तीन लाखांच्या घरात, २०११ च्या जनगणनेत एकट्या बेळगाव शहराची पावणेपाच लाखांच्या वर होती. त्या देशाच्या पुढाकाराने मार्च २०२३ मध्ये आमसभेने हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, असं न्यायालयाला विचारलं. जुलै २०२५ मध्ये उत्तर आलं आणि ते मोठ्या प्रदूषकांना सोयीचं नव्हतं. सल्ला आहे, हुकूम नाही. पण देशोदेशीचे वकील तो वापरणार.

बाहेर पडता येतं. युनोच्या सनदेत तसं कलम नाही, तरी इंडोनेशिया १९६५ मध्ये निघून गेला आणि पुढच्याच वर्षी परतला. युनेस्कोत अमेरिकेचं येणं-जाणं आता कुणी मोजत नाही: १९८४ ला गेली, २००३ ला आली, २०१८ ला गेली, २०२३ ला आली, २०२५ मध्ये पुन्हा जाते म्हणाली. लहान देश गेला तर लहान देशाचंच नुकसान. मोठा गेला की सगळ्यांच्या पगाराचा प्रश्न.

१८. युनोत मराठी चालते का?

बेळगावात हा प्रश्न येणारच होता. अधिकृत भाषा सहा: इंग्रजी, फ्रेंच, रशियन, चिनी, स्पॅनिश, अरबी. अरबी शेवटी, १९७३ मध्ये आली आणि पहिल्या तीन वर्षांचा खर्च अरब देशांनी उचलायचं कबूल केलं होतं. हिंदी त्यात नाही. वाजपेयी १९७७ मध्ये आमसभेत हिंदीत बोलले ते वेगळ्या नियमाने, आणि आज युनोच्या बातम्या हिंदीत येतात त्याला भारत सरकार पैसे देतं.

तो वेगळा नियम असा: कुठल्याही प्रतिनिधीला कुठल्याही भाषेत बोलता येतं. मराठीतही. फक्त दुभाषा आपला आपण न्यायचा, नाहीतर भाषण सहापैकी एका भाषेत लिहून आधी हातात द्यायचं.